जबाब द्यायचा राहिला

बायको गेल्यापासून श्रीरंगराव रोज सकाळी सायकल काढत आणि सिडकोतून जालना रोडनं औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारापर्यंत जात. काम तसं काही नसायचं. पाव किलो भेंडी घराजवळही मिळाली असती. पण घरात थांबलं की अंबिकाबाईंची रिकामी खुर्ची समोर येई, आणि रस्त्यावर निदान माणसं दिसत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी मृण्मयी बंगळूरला. शेजारचा बंगला पाडून तिथं अपार्टमेंट उभं राहिलेलं, आणि त्यातली माणसं लिफ्टनं उतरून थेट गाडीत बसणारी. काही दिवस असेही जात की दिवसभरात त्यांना उद्देशून कुणी बोललेलं एकच वाक्य असे, आणि तेही एखाद्या ड्रायव्हरचं: "ओ काका, मरायचंय का?"

त्यांना राग येई. रस्ता रुंद केला तो गाड्यांसाठी, सायकलवाल्यानं मातीतून जायचं, हे त्यांना पटत नसे. मागून कितीही हॉर्न वाजला तरी डांबर सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्यावरून एकदा कंपनीच्या बसवाल्याशी भांडण झालं, एकदा टँकरवाल्याशी. दुष्काळाचं साल होतं. टँकर दिवसभर पळत, आणि त्यांच्यातून गळणाऱ्या पाण्याची ओली रेघ रस्त्यावर उमटून लगेच वाळून जाई. भांडून घरी आलं की श्रीरंगरावांना उगाच बरं वाटे. संध्याकाळपर्यंत ते बरं वाटणं सरून जाई.

मार्च महिन्यात आकाशवाणी चौकाच्या अलीकडे एक पांढरी गाडी त्यांना ओलांडून पुढे गेली आणि इंडिकेटर न देताच डावीकडे वळली. सायकलचं हँडल गाडीच्या दाराला घासलं. श्रीरंगराव उजव्या हातावर पडले. गाडीतून उतरलेला पस्तिशीतला माणूस आधी ओरडला, की मी वळतोय हे दिसलं नाही का, बाजूला का झाला नाहीत. मग त्यांचा वाकडा झालेला हात पाहून धावत जवळ आला. त्यानंच त्यांना उचलून गाडीत बसवलं, दवाखान्यात नेलं, प्लॅस्टर होईस्तोवर बाकावर बसून राहिला.

त्याचं नाव विश्वजीत. मूळचा सिल्लोडकडचा, घरची शेती भाऊ बघायचा. हा शहरात बीड बायपासच्या बाजूला प्लॉटिंगचं काम करायचा. गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवत दिवसभर गाडीतून फिरायचं, तोच धंदा.

दवाखान्यातून कळवलेलं असल्यामुळे पोलीस जबाब घ्यायला आला. श्रीरंगरावांना गुंगी होती. बरं वाटलं की चौकीत येऊन जबाब देतो, असं ते म्हणाले. फोनवर मृण्मयीनं बजावलं, की बाबा, सोडू नका, तक्रार द्या. ते हो म्हणाले. पण गादीवर पडल्या पडल्याच त्यांनी ठरवलं होतं, की तक्रार करायची नाही. हात मोडला तो मोडला, त्यात तरुण माणसाला चौकी-कोर्टात कशाला फिरवायचं. हे विश्वजीत भेटायला आला की त्याला सांगणार होते.

ते घरी आल्यावर दोन दिवसांनी विश्वजीत तिसऱ्या प्रहरी आला, तो नेमका नळाला पाणी आलं तेव्हा. शहरात तेव्हा आठवड्यातून एकदा कसंबसं पाणी सुटायचं, आणि त्या तासाभरात हौद भरला नाही तर पुढचा आठवडा हालाचा. श्रीरंगराव एका हातानं पाइप ओढत होते. विश्वजीतनं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मोटर लावली, हौद भरला, वरची टाकी भरली, स्वयंपाकघरातली पिंपं भरली. मग दोघांनी चहा घेतला. जाताना त्यानं विचारलं, "काका, जबाबाचं काय?"

श्रीरंगराव म्हणाले, "बघू, हात जरा बरा होऊ दे."

असं आपण का म्हणालो, ते त्यांना तो गेल्यावर कळलं.

मग विश्वजीत येत राहिला. पाणी सुटायच्या दिवशी तर यायचाच, मधेही एखादी चक्कर टाकायचा. सायकल नेऊन तिचं वाकलेलं चाक बदलून आणलं. श्रीरंगराव आता सकाळी अंगण झाडून ठेवत, त्याच्यासाठी शेजारच्या दुकानातून खारी आणून ठेवत. बोलणं बहुतेक रस्त्याचंच निघे. विश्वजीत म्हणे, गाडीत बसलं की सायकलवाला शेवटपर्यंत दिसतच नाही, आणि दिसतो तेव्हा चाकाखाली असतो. श्रीरंगराव म्हणत, बघायचंच नाही असं ठरवल्यावर कसा दिसेल. दोघंही हटत नसत. पण या भांडणानंतर घर रिकामं वाटत नसे.

एकदा प्लॅस्टर दाखवायला तो त्यांना गाडीतून घेऊन गेला. पुढच्या सीटवर बसून जालना रोड बघायची श्रीरंगरावांची पहिलीच वेळ. सेव्हन हिलच्या पुलाखाली एक सायकलवाला, मागं सिमेंटची रिकामी पोती बांधलेला, अगदी मधून डुलत डुलत चालला होता. श्रीरंगरावांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, हॉर्न वाजव की त्याला."

विश्वजीतनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू लागला. श्रीरंगरावही हसले. अंबिकाबाई गेल्यानंतर ते असं मोकळं हसले नव्हते. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांना वाटलं, आता जबाबाचं सांगून टाकावं. सांगितलं तरी हा येईल. पण धीर झाला नाही.

एप्रिल सरत आला तेव्हाची गोष्ट. पाणी सुटलं होतं. विश्वजीत हौदात पाइप सोडून फाटकाशी फोनवर बोलत होता. श्रीरंगराव आत चहाचं आधण ठेवत होते. खिडकी उघडी होती.

"तू घेऊन जा पोरीला दवाखान्यात," तो बायकोला सांगत होता. "मी कसा येऊ? म्हाताऱ्यानं अजून जबाब दिला नाय. आज नाय आलो आन् उद्या चौकीत काय बोललं तर? लई टांगून ठिवलंय यानं."

श्रीरंगरावांनी गॅस बंद केला. मग बाहेर आले.

"विश्वजीत, मुलगी आजारी आहे?"

"जरा ताप हाय मनस्विनीला. काय नाय, तिची आई हाय."

"तू घरी जा. पाण्याचं मी बघतो."

"आता व्हईल ना भरून," म्हणत तो हौदाशी गेला आणि पाइप उचलून नीट करू लागला.

"अरे, मी तक्रार करणार नाही. ते मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं."

विश्वजीत हातातला पाइप धरून तसाच उभा राहिला. पाणी त्याच्या पायावर पडत होतं.

"मग सांगितलं का नाय, काका?"

श्रीरंगरावांना खोटं काही सुचलं नाही. "सांगितलं असतं तर तू आला नसतास," ते म्हणाले.

विश्वजीत रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. दीड महिना आपल्याला नीट झोप नाही, गिऱ्हाइकाबरोबर प्लॉटवर उभं असलो तरी पोलिसाचाच फोन येईल असं वाटत राहतं, एवढं तो हळू आवाजात म्हणाला. मग हौद भरेपर्यंत थांबला. मोटर बंद केली, पाइप गुंडाळून खुंटीला लावला, चपला घातल्या. चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी श्रीरंगराव रिक्षानं चौकीत गेले. काही तक्रार नाही, चूक थोडी माझीही होती, असं त्यांनी सांगितलं. हवालदारानं मान हलवून कागद पुढं केला आणि त्यांनी डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. घरी येऊन विश्वजीतला फोन लावला. तो बरं म्हणाला. उपकार झाले, काका, असंही म्हणाला. तुम्हाला काही लागलं तर सांगा, मी येतोच.

पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा श्रीरंगराव फाटकाकडे बघत राहिले. मग एका हातानं पाइप ओढला. हौद अर्धाच भरला.

मे महिन्यात प्लॅस्टर निघालं. हात थोडा वाकडा बसला होता, पण ब्रेक दाबता येई. त्यांनी सायकल बाहेर काढली. ऊन इतकं, की नऊलाच डांबर मऊ झालेलं. क्रांती चौकातल्या सिग्नलला ते थांबले, आणि शेजारी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. श्रीरंगरावांनी ओळखली, पण काचेवर टकटक केली नाही. काच आपणहून खाली आली.

"काका, हात कसा हाय?"

"बरा आहे. मुलगी?"

"बरी हाय. सुट्टीला सिल्लोडला गेलीय." विश्वजीतला आणखी काही बोलायचं असावं. पण शेजारी गिऱ्हाईक बसलेलं होतं, आणि तेवढ्यात सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. "येतो कधीतरी," तो म्हणाला.

"ये," श्रीरंगराव म्हणाले. तो येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. त्याचा रागही आला नाही. आपण त्याला जे दिलं होतं ते भय होतं, आणि भय संपल्यावर कुणी कशाला येईल, असं त्यांना वाटलं. सगळ्या गाड्या जाईपर्यंत ते कडेला थांबले आणि औरंगपुऱ्याला न जाता तिथूनच मागं वळले.

संध्याकाळी मृण्मयीचा फोन आला. जेवण झालं का, पाणी आलं का, हात दुखतो का, असं तिनं नेहमीसारखं विचारलं. नेहमी ते सगळं ठीक आहे म्हणत आणि ती दोन मिनिटांत फोन ठेवी.

"मृण्मयी," ते म्हणाले, "मला इथं एकट्याला करमत नाही गं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मृण्मयीनं गॅस बंद केला आणि हळूच विचारलं, "कधीपासून, बाबा?"

फोन कानाला धरून ते तसेच बसून राहिले, आणि तिनंही ठेवला नाही.