गुरुवारची हिरवी पेटी

मित्रांनो, मी एक जुने सागवानी कपाट आहे आणि मला दारे नाहीत. नागपूरच्या एका महाविद्यालयात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीसमोरच्या भिंतीशी मी उभे आहे. माझी दारे कशी गेली हे सांगायचे तर आधी माझा एक दुर्गुण कबूल करावा लागेल. मी फार मत्सरी होते.

१९६४ साली धरमपेठेतल्या एका वृद्ध सुताराने मला घडवले. दारांना वर काच, खाली सागाच्या फळ्या आणि मधोमध पितळी कुलूप. माझ्या पोटात बारा सूक्ष्मदर्शक ठेवले गेले: सहा जुने, सहा नवे. प्राणिशास्त्राचे प्रमुख मार्तंडराव सालोडकर माझी किल्ली कोटाच्या आतल्या खिशात बाळगत. दर सोमवारी ते स्वतःच्या रुमालाने माझ्या काचा पुसत. जुने सहा परीक्षेपुरते बाहेर निघत. नवे सहा मात्र पाहुणे आले की नुसते काचेतून दाखवले जात. मुले जवळ आली की सर हळूच म्हणत, "हात लावू नका." जपणे ते हेच, असे मी दहा वर्षे मानत आले.

१९७४ साली दोन महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी मिळून एक कार्यक्रम हाती घेतला. तालुक्याच्या गावांतही विज्ञान प्रयोगांसह शिकवले जावे, हा त्याचा हेतू. त्यासाठी दुसऱ्या महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्राच्या प्रेमिलाबाई रामटेके रोज चार वाजता येऊ लागल्या. चारची वेळ माझी होती. त्या वेळी सर माझ्यासमोर खुर्ची टाकून चहा पीत. आता त्यांची खुर्ची बाईंच्या कागदांकडे वळली आणि माझ्या वाट्याला त्यांची पाठ आली. मत्सराचा पहिला काटा मला तेव्हा टोचला.

भिवापूरला नवे महाविद्यालय निघाले होते. विज्ञानाचे चोवीस विद्यार्थी, आणि सूक्ष्मदर्शक एकही नाही. श्रावणात तपासणी समिती येणार होती. प्रयोग होत नाहीत असे दिसले, तर विज्ञानाचा वर्ग बंद होणार होता.

"सर, ती मुलं अमिबाची आकृती पाठ करून काढतात," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "मीही तशीच काढली. आमच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक असेच कुलुपात होते. पदवी मिळेपर्यंत मी ते काचेबाहेरूनच पाहिले."

"पण बाई, गाडीत एखादा फुटला तर?"

"फुटला तर मी जबाबदार, तसे लिहून देते. पण न वापरता वाया गेले, तर कोण लिहून देणार?"

सरांनी कोटाच्या खिशातली किल्ली चाचपली. शेवटी जुने सहा द्यायचे ठरले. नवे सहा माझ्याकडेच राहिले.

मग ती आली. पत्र्याची, हिरव्या रंगाची, आत जुन्या गादीचा कापूस भरलेली पेटी. दर गुरुवारी प्रयोगशाळा परिचर धोंडबा तिला नागभीडकडे जाणाऱ्या छोट्या आगगाडीत घालून भिवापूरला नेई आणि शुक्रवारी परत आणी. तिच्या अंगावर नवे पोचे पडलेले असत. तिला भिवापूरच्या मिरचीचा वास येई. परत आली की तिचा कापूस व्हरांड्यात उन्हाला पडे आणि एकेक भिंग मलमलीने पुसले जाई. इतकी माणसे तिच्याभोवती जमत, आणि मी चकचकीत काचा लावून भिंतीशी उभे!

"बाई, तिकडली पोरं लय हुशार जी," धोंडबा सांगे. "एक पोरगी म्हणे, कांद्याच्या पापुद्र्यात इटाची भिंत दिसून राहिली!"

यावर सर मोकळेपणी हसले. दहा वर्षांत ते हसू मी ऐकले नव्हते. आणि ते त्या पोचे पडलेल्या पेटीमुळे आले होते. त्या दिवसापासून तिचा हिरवा रंगसुद्धा मला सहन होईना.

श्रावणात समितीचा दिवस ठरला. बाराही सूक्ष्मदर्शक न्यायचे, असे सर स्वतःच म्हणाले. आदल्या दुपारी त्यांनी कुलूप काढले. पंधरा दिवसांच्या पावसाने माझे लाकूड फुगले होते, हे खरे. पण मित्रांनो, सगळा दोष पावसाचा नव्हता. मला उघडायचे नव्हते. उरलेले सहाही तिचेच होणार, या विचाराने मी दारे घट्ट आवळून धरली.

"काहून गा, आजच अडून बसला काय?" धोंडबा मला ओढत म्हणाला. "गाडी काई तुह्यासाठी थांबणार नाई."

"बिजागऱ्या काढ," सर म्हणाले.

"दार मोडन ना जी, सर."

"मोडू दे."

ज्यांनी दहा वर्षे माझ्या काचा पुसल्या, त्यांचेच हे शब्द होते.

दारे निघाली. आतून कोंदट वास आला. बाईंनी पहिला सूक्ष्मदर्शक उचलला, त्याचे भिंग काढून खिडकीशी धरले आणि त्या थबकल्या. मग दुसरे, तिसरे. सहाही भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते.

"सर, बुरशी. काच खाल्ली आहे तिने."

सरांनी एक भिंग डोळ्याशी नेले. "मुलांच्या हातांपासून जपले," ते पुटपुटले. "जन्मभर सूक्ष्म जीव शिकवले, बाई, आणि या बुरशीपासून जपायचे मला सुचले नाही."

अंधार, ओल आणि बंद हवा. हे सारे मीच त्यांना दिले होते, आणि त्यालाच माया म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी पेटीतले जुने सहाच गेले; या वेळी सर आणि बाईही सोबत होते. मी त्या रिकाम्या वाटेकडे पाहत राहिले. ती पेटी नीट पोहोचावी, असे त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.

शुक्रवारी धोंडबा दारातूनच ओरडला, "वाचला जी! भिवापूरचा वर्ग वाचला!" एका सूक्ष्मदर्शकावर चार जण होते, पण विटांची भिंत पाहणाऱ्या त्या मुलीने अर्ध्या मिनिटात पेशी स्पष्ट करून दाखवली. यादीत बारा होते, मग उरलेले सहा कुठे आहेत, असे समितीने विचारले. तेव्हा सर उभे राहिले आणि म्हणाले, "मी कुलुपात ठेवले, म्हणून आंधळे झाले. हेही लिहून घ्या. इतरांच्या उपयोगी पडेल."

माझी दारे पुन्हा बसली नाहीत. त्यांच्या फळ्यांची धोंडबाने दुसरी पेटी केली. तेच जुने सहा घेऊन ती दर मंगळवारी कामठीला जाऊ लागली.

मित्रांनो, तुम्हांला काही फार प्रिय असेल, तर ते उघडा, वापरा, पुसा, उन्हाला ठेवा, दुसऱ्याच्या हाती द्या. माझ्यासारखे त्याला कवटाळून बसू नका.

माझा स्वभाव मात्र पुरता गेलेला नाही. हिरव्या पेटीला मी आता माझा खालचा कप्पा दिला आहे. पण मंगळवारी माझ्याच दारांची ती सागवानी पेटी धोंडबाच्या खांद्यावरून बाहेर पडते, तेव्हा मी तिच्याकडे एकटक पाहत राहते. ती माझ्याच अंगाची आहे. तरीही मला तिचा हेवा वाटतो.