उखळी तोफांची माणसं

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये महायुद्धात लढलेल्या इटलीच्या रोक्कास्पीना डिव्हिजनच्या मृतांसाठी मिस्साची प्रार्थना होते. फादर लिबेरो नावं वाचत नाहीत, गातात. एकेक नाव असं अलगद सुरात उचलतात की वाटतं, देवच त्या पोराला घरी बोलावतोय. यादी लिहायचं काम माझ्याकडे. ऑर्गन मी वाजवते आणि माझं अक्षर फादरांना चष्म्याविना लागतं.

यंदा यादी उतरवत होते तेव्हा नुन्झियाता आली. सत्तरीची, डोंगरकडेच्या घरात एकटी राहते. तिचा भाऊ सिल्वेरियो एकोणीसशे एक्केचाळीसच्या हिवाळ्यात अल्बानियात गेला, तो परत आलाच नाही. पन्नास वर्षं ती शेवटच्या बाकावर बसून ही नावं ऐकतेय; त्याचं कधी आलं नाही. तो उखळी तोफांच्या बटालियनमध्ये होता.

"त्याचं नाव घ्याच असा हट्ट नाही गं माझा," ती म्हणाली. "तो या डिव्हिजनच्या पोरांत होता का, एवढं बघ. तिकडे बर्फात त्याच्या शेजारी कुणीतरी होतं का, ते मला कळू दे."

मी शोधायला बसले. सैन्याच्या छापील इतिहासात डिव्हिजनची मांडणी दिलेली होती: पायदळाच्या दोन रेजिमेंट, तोफखान्याची एक, आणि उखळी तोफांची एक बटालियन. म्हणजे होता. डिव्हिजनबरोबर गेलेल्या धर्मगुरूंच्या वहीत लिहिलं होतं की उखळी तोफा इकडे बारी बंदराच्या धक्क्यावरच राहिल्या. म्हणजे नव्हता. आणि आमची यादी मूळ त्या वहीवरूनच केलेली.

आता विचारायला उरला होता एकटा देसिदेरियो. त्या डिव्हिजनमधला आमच्या गावातला शेवटचा जिवंत माणूस.

"उखळी तोफा? पोरी, आम्ही तिथं लसूण ठेचायचं उखळसुद्धा बघितलं नाही," म्हणाला आणि स्वतःच हसला.

तोफा नव्हत्या, पण माणसं? मी विचारलं. त्याने काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, माणसं आली होती. नुसतीच. हातात बंदुका देऊन दोन-दोन, तीन-तीन प्रत्येक कंपनीत वाटून टाकली.

"आम्ही त्यांना भाडेकरू म्हणायचो. जेवायला आमच्या मागून. आमच्यातला कुणी गेला की नाव धर्मगुरूंना कळवायचो. भाडेकरूंची नावं... विचारलीच नव्हती गं कधी."

म्हणजे पुस्तक खरं, वही खरी, आणि देसिदेरियोही खरा. हे नुन्झियाताला सांगायला जाताना चढ कधी नव्हे इतका लांब वाटला. मी काहीच लपवलं नाही. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं, हात पुसले.

"म्हणजे एकटाच होता," ती म्हणाली. भांडं पुन्हा चुलीवर ठेवत म्हणाली, "लिही त्याचं नाव."

रविवारी बाहेर बर्फ होतं, आत जेमतेम तीस माणसं. प्रत्येक नावानंतर सोबत्यांपैकी कुणी "हजर" म्हणायचं, अशी रीत आहे. आता सगळ्यांच्या वतीने देसिदेरियोच म्हणतो. फादरांनी सिल्वेरियोचं नाव गायलं. देसिदेरियो गप्प. फादरांनी पुन्हा गायलं.

तो उठला. काठी टेकत पार मागच्या बाकापर्यंत गेला आणि नुन्झियाताशेजारी बसला.

"मला त्याचा चेहरा आठवत नाही, ताई," तो म्हणाला. "कसा दिसायचा, सांगता?"

ती हलक्या आवाजात सांगू लागली. फादर यादीवर बोट ठेवून थांबले. मीही ऑर्गनच्या पट्ट्यांवरून हात काढून घेतले.