हुकुमाशिवाय तोडलेली वीज

कंपनीचे मॅनेजर साहेब, वीजघर सांभाळणाऱ्या आमोस क्रायडरला तुम्ही नोकरीवरून काढलंत, आणि कागदावर कारण लिहिलंत: ‘हुकूम नसताना वीज तोडली.’ खोटं नाही. पण अर्धंच आहे. अर्धं लिहून खाली सही ठोकणाऱ्याला आमच्या इंडियानात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, हे माझी बायकोही वाचणार आहे. शनिवारपर्यंत वीजघरावरच्या राहत्या दोन खोल्या रिकाम्या करा, असंही तुम्ही लिहिलंत. राहिलेलं अर्धं मी लिहितो. मी व्हर्जिल हॉस्टेटर, एकवीस नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर. शाळा चौथीपर्यंत. चुका सापडल्या तर तुम्हीच दुरुस्त करा.

आठ वर्षांपूर्वी ही विजेची गाडी आली, तोवर मिलग्रोव्हहून बेक्स्टनला जायचं म्हणजे घोड्याचा अर्धा दिवस जायचा. आता पन्नास मिनिटं लागतात. मिलग्रोव्हच्या बायका बेक्स्टनला टोपी बघायला जातात आणि न घेता जेवायच्या वेळेला घरी परत. या गाडीचा मला अभिमान आहे, म्हणूनच राग आहे.

रूळ एकच. समोरासमोर येणाऱ्या गाड्यांपैकी एकीने सायडिंगवर, म्हणजे बाजूच्या छोट्या रुळावर, थांबायचं, दुसरी निघून गेली की निघायचं. गर्दीच्या दिवशी एका नंबराच्या दोन गाड्या सोडतात, एकीमागे दुसरी. तेव्हा पहिलीच्या तोंडावर हिरवा झेंडा लावतात: मागे आणखी एक आहे, हलू नका. पहिलीचा ड्रायव्हर शिट्टीही देतो.

सप्टेंबरातला जत्रेचा शुक्रवार. स्टोनी सायडिंगवरून माझा कंडक्टर डॉर्सी पेन्सने फोन लावला. कचेरीत बसून गाड्यांना हुकूम देणारा कंट्रोलर म्हणाला, “आठ नंबरला वाट द्या, मग निघा.” आठ नंबरच्या दोन गाड्या आहेत हे त्याने वीजघरात क्रायडरला कळवलं होतं, यंत्रांवर भार येणार म्हणून. आम्हाला नाही कळवलं.

आठ नंबर आली. तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जत्रेच्या जाहिरातीचं कापड, तुमच्याच कचेरीने बांधून दिलेलं. झेंडा त्या कापडाच्या मागे. आत बेक्स्टनचा बँड, शिंगं खिडकीबाहेर काढून वाजवत होता. त्यात शिट्टी वाजली असेल तर ती देवाने ऐकली असेल.

“गेली बाई एकदाची,” डॉर्सी म्हणाला. “चल व्हर्जिल, माझी बायको जेवण झाकून ठेवते, उशीर झाला की उघडून स्वतःच खाते.”

मी निघालो. जाणाऱ्या ड्रायव्हरला हात करून विचारायला हवं होतं. नाही विचारलं. ती चूक माझी.

अर्धा मैल पुढे, वळणापलीकडे क्रायडरचं वीजघर. तिथून त्याला सायडिंग दिसत नाही, दिसतो फक्त मीटरचा काटा. पण आठ वर्षं काट्याकडे बघणाऱ्याला काटा पुरतो. धावती गाडी काटा एका जागी धरून ठेवते. थांबलेली गाडी निघते तेव्हा ड्रायव्हर हँडल खाचेखाचेने फिरवतो आणि काटा पायऱ्या चढल्यासारखा वर जातो. क्रायडरने खिडकीतून आठ नंबरची पहिली गाडी जाताना पाहिली होती, आणि दुसरी नुकतीच धडधडत गेली होती. एवढ्यात काटा पायऱ्या चढायला लागला, आणि त्या वेळी थांबून उभी असणारी गाडी एकच होती, स्टोनीवरची.

नंतर त्याची बायको ऑर्फा मला म्हणाली, “मी जेवायला हाक मारत होते. हा ताडकन उठला, मोठा खटका ओढला, आणि सगळं घर मुकं झालं. मला वाटलं बटाटे आवडले नाहीत.”

माझी गाडी मेली. छतावरचा वीज घेणारा दांडा तारेवरून निसटला असेल, असं वाटून मी ब्रेक लावला. डॉर्सी शिव्या देत मागे उतरला, वर बघून म्हणाला, “दांडा जागेवर आहे रे.” तेवढ्यात समोरच्या उंच मक्यातून कोंबडा आरवला. मागोमाग दुसरा. शेतात एवढे कोंबडे कुठून?

मी वळणापर्यंत चालत गेलो. आठ नंबरची दुसरी गाडी तिथे उभी होती. तिच्या आणि माझ्या गाडीत एकशे चाळीस पावलं. मी मोजली. दोन्ही गाड्या ताशी चाळीस मैलांनी धावणाऱ्या. आत जत्रेला निघालेल्या बायका, पोरं, स्पर्धेसाठी भाजलेले अ‍ॅपल पाय आणि कोंबड्यांची खुराडी.

तिचा ड्रायव्हर वेंडेल स्टाट्स पायरीवर उभा. “व्हर्जिल, कुठे निघालास?”

“तुझ्याकडेच.”

तो पायरीवरच बसला.

मी परत आलो तोवर डॉर्सीने गाडीतला फोन काढून खांबावरच्या तारेला जोडला होता. लाईनवर आधीच भांडण चाललं होतं, मीही कान लावला.

“कुणी सांगितलं तुला वीज तोडायला?” कंट्रोलर ओरडत होता. “तीन गावांच्या गाड्या उभ्या आहेत. सोड वीज!”

“स्टोनीवरून कुणीतरी निघालंय, साहेब,” क्रायडर म्हणत होता. “काटा पायऱ्या चढला.”

“कुणी निघालेलं नाही. एकवीस नंबर तिथे थांबली आहे, मी स्वतः हुकूम दिलाय. क्रायडर, हा शेवटचा हुकूम, वीज सोड, नाहीतर घरी जा.”

“मग मी घरी जातो, साहेब. पण खटका असाच ठेवून जातो.”

तेव्हा डॉर्सी मध्ये बोलला. “कंट्रोलर साहेब, एकवीस नंबर बोलतेय. आम्ही आठ नंबरसमोर उभे आहोत, तोंडाला तोंड. तिचे कोंबडे ऐकायचेत का?”

मग क्रायडरचा आवाज आला, अगदी हळू: “सगळे आहेत ना?”

“सगळे आहेत, आमोस.”

पलीकडे तो रडत होता. मीही. कोंबड्यांची मालकीण मिसेस टॉबर खाली उतरली, बक्षिसासाठी नेत असलेला, सफरचंद भरून भाजलेला अ‍ॅपल पाय गुडघ्यावर ठेवून कापला आणि पहिला तुकडा माझ्या हातात दिला. “खा,” म्हणाली, “परीक्षक गेले खड्ड्यात.” दोन्ही गाड्यांतली माणसं रुळावर बसून खात होती, आणि का कोण जाणे, सगळी हसत होती.

क्रायडरला काढून झाल्यावर, चौथ्या दिवशी तुम्ही चौकशी भरवलीत. तुमच्या माणसाने माझ्यापुढे कागद सरकवला: एकवीस नंबर सायडिंगवरच होती, क्रायडरने विनाकारण वाहतूक अडवली. सही कर, तुझी नोकरी राहते, प्रकरण मिटलं.

मी म्हणालो, “मी निघालो होतो. चूक माझी. घालवायचं तर मला घालवा.”

तुमचा माणूस म्हणाला, “हॉस्टेटर, नीट विचार कर.”

“एकशे चाळीस पावलं विचारच करत होतो.”

मागून मिसेस टॉबर उभी राहिली. तिच्यामागे त्या गाडीतली तीसेक माणसं, त्यातल्या निम्म्यांच्या शेतातून तुमचे रूळ जातात. ती म्हणाली, “क्रायडर जिथे नाही, त्या लाईनला माझ्या मक्यातून वाट नाही.” तुम्ही कागद उचललात, आत गेलात, आणि तासाभराने निरोप आला: क्रायडर कामावर राहील.

संध्याकाळी वीजघरी गेलो. ऑर्फा बांधलेली भांडी सोडत होती. “पुन्हा बांधायला लावलंस तर तुलाच पेटीत घालीन,” ती मला म्हणाली. आमोस काट्यासमोर बसला होता, पाय लांब करून, जसा कितीतरी दिवसांत बसला नसेल. मी शेजारी बसलो. त्या खोलीत यंत्रांची गुणगुण होती, आणि तेवढं पुरेसं होतं.

पण उठताना भिंतीवर तुमचा नवा नियम दिसला, त्याच दिवशीच्या तारखेचा: ‘हुकुमाशिवाय वीज तोडू नये.’ क्रायडरला ठेवलंत आणि त्याने केलं ते मना केलंत. म्हणून विचारतो, आणि उत्तर लेखी हवंय, सहीसकट, त्याच भिंतीवर लावण्यासाठी: उद्या काटा पुन्हा असाच पायऱ्या चढला, तर आमोसने खटका ओढायचा की तुमच्या फोनची वाट बघायची?