अख्ख्या स्टाफरूमची परीक्षा

वनमालाबाईंचा फायदा आधी मोजून घेऊ, म्हणजे पुढचा संताप कुठून येतो ते कळेल. दहिसरच्या त्यांच्या शाळेला ‘सायबर-सुजाण शाळा’ हा मान मिळाला असता, तर गेटवर पितळी पाटी लागली असती. पाटीवर मुख्याध्यापिका म्हणून बाईंचं नाव आलं असतं, आणि वर्षभराने निवृत्त झाल्यावर संस्थेच्या सल्लागार मंडळात बाई जाऊन बसल्या असत्या. बदल्यात करायचं काय, तर प्रत्येक शिक्षकाने संगणकाच्या जबाबदार वापराचे थोडे व्हिडिओ बघायचे आणि शेवटी ऑनलाइन परीक्षा द्यायची. एवढं स्वस्त काही मुंबईत मिळत नाही.

पण व्हिडिओ बघायचे कुणी?

या शाळेत एक रीत पडली होती. हजेरी ऑनलाइन, मार्क ऑनलाइन, पोषण आहाराची माहिती ऑनलाइन. आणि जे जे ऑनलाइन ते ते नीलमचं. नीलम नववी ‘ब’ची मुलगी. कॉम्प्युटर शिकवणारे नितेश सर एकेका अक्षरासाठी कीबोर्डवर शोधमोहीम काढायचे, तेवढ्यात नीलमचं पान भरून व्हायचं. मग सरांनी आपला पासवर्ड तिला सांगितला. सरांचं काम चुटकीसरशी उरकतंय म्हटल्यावर भूगोलाच्या बाईंनी सांगितला, मग पीटीच्या सरांनी, आणि शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे वनमालाबाईंनीही. “नीलम, माझं पण टाकून ये गं,” असं ज्या सुरात म्हणायचे ना, त्या सुरात लोक वडापाव मागवतात.

नीलमला याचं काही वाटत नव्हतं. घरी सगळ्यांत मिळून एकच मोबाइल. इथे अख्खी लॅब हाताशी, वर पंखा.

तेव्हा जबाबदार वापराची परीक्षाही तिच्याकडेच आली. खेळाच्या तासांना तिला लॅबमध्ये बसवलं गेलं, आणि एकेका शिक्षकाच्या नावाने ती पास होत गेली. त्यात एक प्रश्न होता: आपला पासवर्ड विश्वासातल्या विद्यार्थ्याला सांगणे योग्य आहे काय?

नीलम थबकली. “सर, इथे खरं लिहू की बरोबर?”

नितेश सर मोबाइलवर मॅच बघत होते. “बरोबर लिही गं. खरं कोण विचारतंय?”

तिने ‘नाही’वर क्लिक केलं. मग पुढच्या बाईंच्या नावाने ‘नाही’. मग पीटीच्या सरांच्या नावाने ‘नाही’. अख्खी स्टाफरूम तत्त्वाला कशी पक्की निघाली.

निकाल झकास लागला. मान देणाऱ्या मंडळाचे चंद्रप्रकाश नावाचे गृहस्थ पडताळणीला आले, तेव्हा पेढ्यांचा बॉक्स उघडूनच ठेवला होता. त्यांनी पेढा घेतला, चहा घेतला, आणि म्हणाले, “अभिनंदन बाई. सगळ्यांना पैकीच्या पैकी. एकच शंका आहे. ज्या दुपारी तुम्ही इथे परीक्षा देत होतात, त्याच दुपारी तुम्ही जुहूच्या हॉटेलात माइकवर बोलत होतात. आमच्याच कार्यक्रमात. मी समोर बसलो होतो.”

लाज वाटायची म्हटली तर ती वाटायला हीच जागा होती. बाई मात्र छातीवर हात ठेवून म्हणाल्या, “अरे देवा! म्हणजे कुणीतरी आमचे पासवर्ड चोरले!”

आणि नितेश सर, ज्यांनी ही रीत पाडली ते नितेश सर, घसा खाकरून म्हणाले, “एक मुलगी लॅबमध्ये जरा जास्तच रेंगाळते, मॅडम.”

“उद्या तुमच्यासमोरच सोक्षमोक्ष लावते, साहेब,” बाई चंद्रप्रकाशांना म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नीलमच्या आईला, शकुला, कामावर खाडा करून यावं लागलं. ऑफिसात सगळे शिक्षक भिंतीला लागून उभे होते आणि चंद्रप्रकाश खुर्चीत. टेबलावर टाइप केलेला माफीनामा तयार: मी माझ्या मनाने शिक्षकांचे पासवर्ड चोरले. खाली सहीपुरती जागा.

“सही करून टाका ताई, विषय संपला,” वनमालाबाई म्हणाल्या. “नाहीतर दाखला न्यायचा. वर्तणुकीच्या रकान्यात जे लिहायचं ते आम्ही लिहू.”

दहावीच्या तोंडावर तसला दाखला घेऊन मुलीला कोणती शाळा घेणार, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर तो टेबलावर आणला होता.

शकुने कागद वाचला. “चोरले? तुमच्यात चोराला हाक मारून बोलवतात काय हो? पोरगी रोज उशिरा घरी येते. विचारलं की म्हणते, बाईंचं भरत होते.”

“आवाज खाली. ही शाळा आहे.”

“शाळा आहे म्हणूनच विचारतेय ना!”

“मी नाही चोरले,” नीलम रडवेली होऊन म्हणाली. “बाई, तुम्हीच सांगितलात ना? तुमच्या नातवाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.”

“बघा!” बाई उसळल्या. “तोंडपाठ आहे हिला! आणखी काय पुरावा हवा, साहेब?”

शकु भिंतीकडे वळली. “हिला कुणी बोलवायचं लॅबमध्ये? सांगा की कुणीतरी.”

भूगोलाच्या बाई पंख्याकडे बघत राहिल्या. पीटीच्या सरांना बुटाची लेस सुटल्याचं आठवलं. नितेश सरांना मोबाइलवर अचानक फार महत्त्वाचं काहीतरी दिसलं. शकुने पेन उचललं. दाखल्यापेक्षा सही परवडते, हा हिशेब तिने केला होता.

“थांबा, सही करू नका.”

श्वेता टीचर बोलल्या. स्टाफमध्ये सगळ्यांत नव्या, नेमणूक एप्रिलपर्यंतचीच. “माझा पासवर्ड मी दिला होता तिला. मीच. सगळ्यांनी आपापला दिलाय, सर. ती आमचंच काम करत होती.”

चंद्रप्रकाशांनी फाइल मिटली. “मुलीच्या सहीची गरज नाही,” एवढंच म्हणाले. त्यांच्या देखत दाखल्याचं नाव काढायची बाईंची छाती झाली नाही, आणि नंतर काढण्यात काही मतलब उरला नाही.

झाली फेड ती अशी. मान गेला, तो ‘तांत्रिक कारणाने’ गेला, असं संस्थेने जाहीर केलं. वनमालाबाईंना कुणी एक शब्द विचारला नाही. सायबर-शिस्तीसाठी समिती नेमली गेली आणि तिचे प्रमुख झाले नितेश सर. नीलम दहावीला त्याच शाळेत बसली, पण लॅबची पायरी तिला वर्षभर बंद. आणि श्वेता टीचरांची एप्रिलमध्ये संपलेली नेमणूक पुन्हा निघाली नाही. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की पासवर्ड विद्यार्थिनीला दिल्याची कबुली देणाऱ्या अख्ख्या शाळेत त्या एकट्याच निघाल्या आहेत.