सव्वातीनपर्यंत सुखरूप

दुपारी दोनला पाळी बदलते. दोन वाजून पाच मिनिटांनी सिस्टरने पाचव्या खाटेचा कागद उचलला आणि तिला कळलं, की ही बाळंतीण सव्वातीनपर्यंत ठणठणीत राहणार आहे.

तसं कागदावर लिहिलेलं नव्हतं, उमटवलेलं होतं. बाळंतपणानंतरचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी बघायची, पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळलंय का ते चाचपायचं, रक्त किती जातंय ते पाहायचं आणि त्या त्या वेळेच्या चौकटीत लिहायचं, असा नियम. चौकटी आठ. बाई मोकळी झाली सव्वाला. म्हणजे एव्हाना तीन भरायला हव्या होत्या. भरल्या होत्या आठच्या आठ, आणि प्रत्येकीत जांभळ्या शाईत एकच वाक्य: ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’.

शिक्का ही अधीक्षकसाहेबांची प्रतिभा. मागच्या खेपेला तपासणी पथकाने ‘नोंदींचं अक्षर वाचता येत नाही’ असा शेरा मारला होता. तीस खाटांना एक सिस्टर असली की अक्षराचे पाय तिच्याच पायांसारखे सुजतात, हे पथकाला कोणी सांगितलं नाही. साहेबांनी दुसरी सिस्टर मागवली नाही, शिक्का मागवला. तो आठ दिवसांत आला.

आज चारला तेच पथक यायचं होतं. डॉक्टर, कारकून, झाडून सगळे सभागृहात स्वागताची तालीम करत होते.

“झोपलीये हो ती,” बाळाला मांडीवर घेऊन बसलेली सासू कुजबुजली. “सकाळपासून दमलीये. उठवू नका.”

“तोंड पांढरंफटक पडलंय, आजी.”

“मुळातच गोरी आहे ती.”

सिस्टरने पांघरूण दूर केलं. खालचा कपडा रक्ताने भिजून चिंब, त्याच्याखालची चादरही. बेंबीखाली चेंडूसारखं टणक लागायला हवं, तिथे हाताला लागली मऊ कणीक. नाडी धावत होती.

“ताई! डोळे उघडा. लघवीला गेला होतात?”

“नाही,” बाळंतीण पुटपुटली. “कुणी विचारलंच नाही.”

आठ वेळा सुखरूप. आणि एकदाही कुणी एवढं विचारलं नव्हतं. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही, हे पहिल्या वर्षाची पोरगीही सांगेल. सिस्टरच्या कानशिलाची शीर उडायला लागली. वॉर्डात तिला मागून ‘तोफ’ म्हणत, पण तोफ डागायला आता सवड नव्हती. तिने एका हाताने पोट चोळायला घेतलं आणि दुसऱ्याने घंटी दाबली. बाळंतीण कळवळली.

“अहो, छळताय काय तिला!”

“आजी, बाळ तिच्या छातीशी द्या, त्यानेही पोट आवळतं. माझ्यावर नंतर ओरडा. रांगेत तुमचा नंबर पहिला.”

आयामावशी धावत आली. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, नळी घालून लघवी काढली. मावशीने फोन लावून सिस्टरच्या कानाशी धरला. पलीकडे कारकून.

“डॉक्टर रंगीत तालमीत आहेत हो.”

“रंगीत तालीम इथे चाललीये! पाच नंबरची बाई रक्तात पडलीये. पाठवा त्यांना!”

डॉक्टर आले ते छातीवर कागदी फूल लावून, पण पळत आले. वीस मिनिटांनी सिस्टरच्या तळव्याखालची कणीक आवळली, टणक झाली. रक्त थांबलं. बाळंतिणीने पाणी मागितलं.

मग सिस्टरने मावशीला भिजलेले कपडे बाळांच्या वजनकाट्यावर ठेवायला सांगितले. याच काट्यावर तासाभरापूर्वी बाळ पावणेतीन किलो भरलं होतं. कोऱ्या कपड्यांचं वजन वजा जाता रक्त भरलं आठशे ग्रॅम. सिस्टरने आकडा आणि वेळ शिक्क्यांच्या खाली लिहिली. अक्षर वाईटच आलं.

तीन वाजता अधीक्षक आले. इस्त्री कडक, चेहरा मऊ.

“वाचली ना?”

“वाचली.”

“मग झालं! बाळ-बाळंतीण सुखरूपच की. शिक्का खोटा कुठे ठरला?”

सिस्टरने कागदावरच्या आठशेच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“हा कागद काढून टाका,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. “नवा घ्या. आम्ही स्वच्छ आठ शिक्के मारून देतो. हवं तर सकाळच्या सिस्टरला नोटीस देऊ, तुमचं नाव कुठेही येणार नाही.”

“सकाळच्या सिस्टरने एकटीने चार बाळंतपणं केली, साहेब. आठ चौकटी एकदम भरायची अक्कल तिची नाही, शिक्क्याची आहे. शिक्क्याला नोटीस द्या.”

“विनोद पुरे. पथक येतंय. कागद इकडे आणा.”

“कागद पथकाला मी देईन. माझ्या हाताने.”

“सिस्टर, नोकरी करायचीये ना?”

“तीच करतेय. तुम्ही आलात तेव्हापासून खोळंबलीये.”

टेबलावर शिक्का पडला होता, अंगठ्याएवढा. सिस्टरने तो उचलला. शेजारी वापरलेल्या सुया टाकायचा लाल डबा होता, तोंड अरुंद, झाकण कायमचं बंद. शिक्का टक्कन आत गेला.

“अहो! काढा तो!” साहेबांनी डब्याच्या भोकाला डोळा लावला. आत शेकडो सुया. डब्यावर चिकटवलेली सूचना नाकासमोर आली, खाली त्यांचीच सही: ‘आत टाकलेली वस्तू कोणत्याही परिस्थितीत बाहेर काढू नये.’

“अक्षर लागतंय ना साहेब?” सिस्टरने विचारलं. कागद घडी घालून खिशात ठेवला, हात धुतले आणि ती सहाव्या खाटेशी गेली.

“ताई, पोटावर हात ठेवते हं. लघवीला जाऊन आलात?”