बापांना कोण शिकवणार

मुलांना बर्फगाडी, म्हणजे स्नोमोबाइल, शिकवताना मला कधी त्रास झालेला नाही. त्रास होतो तो कुंपणाला टेकून कॉफी पीत उभ्या असलेल्या बापांचा.

आमच्या क्लबच्या शेडमागे बेसबॉलचं मैदान आहे. हिवाळ्यात तिथला बर्फ दाबून सपाट केला की दर शनिवारी सकाळी मी सहा ते दहा वर्षांच्या पोरांचा वर्ग घेते. गाड्या त्यांच्या मापाच्या, छोट्या. जोरात पळू नयेत म्हणून वेग बांधून ठेवलेला. ज्यांची पाळी नाही त्यांनी कडेच्या बर्फाच्या बांधामागे थांबायचं, हा माझा पहिला नियम. मी आयुष्यभर शाळेची बस चालवली. या मिनेसोटाच्या थंडीत पोरांना शिस्तीत कसं बसवायचं, ते मला कळतं. मोठ्यांचं मात्र काही जमलेलं नाही.

टिल्डा ब्रेक्के आठ वर्षांची, गाडी घरचीच आणायची. हेल्मेटचा पट्टा, आत खोचलेले केस, ब्रेक, सगळं ती दर वेळी नव्याने तपासायची. बंद करायच्या दोरीचं एक टोक गाडीत आणि दुसरं आपल्या जॅकेटला अडकवायची, म्हणजे पडलं तर दोरी सुटून इंजिन बंद. मगच अंगठा वेगाच्या खटक्यावर.

"टिल्डा, अगं किती वेळ? बाकीच्यांच्या दोन-दोन फेऱ्या झाल्या," कुंपणापासून तिचा बाप गार्थ ओरडला. "दाब की."

टिल्डाने इंजिन सुरू न करताच खटका दाबून सोडला. पुन्हा दाबून सोडला. "मिस व्हर्ना," ती मला हळूच म्हणाली, "हा लगेच परत येत नाहीये."

"मग उतर. आज ही गाडी चालवायची नाही."

एवढं ऐकून गार्थ कुंपण ओलांडून आत आला. "काही झालेलं नाही गाडीला. थंडीत जरा अडकतो खटका. कालच मी सगळी उघडून पाहिलीय."

"उघडून काय केलंस?"

"वेगाचा अडसर काढला. कासवासारखी चालत होती."

माझ्या डोक्यात सणक गेली. हा गार्थ लहानपणी माझ्याच बसमध्ये यायचा. बसून राहा म्हटलं की हमखास उभा राहायचा.

"गाडी शेडमध्ये ने," मी म्हटलं.

"मिस व्हर्ना, एक फेरी मारून दाखवतो, मग बोला." तो त्या इवल्याशा गाडीवर बसला. गुडघे पार छातीला टेकले. कुंपणापाशी बाकीचे बाप हसायला लागले.

"निदान दोरी तरी लाव."

"मी काय आठ वर्षांचा आहे?" त्याने दोरीचं मोकळं टोक हँडलला गुंडाळलं आणि मी पुढे होईपर्यंत निघालासुद्धा.

पहिल्याच वळणावर तो खाली पडला. गाडी थांबली नाही. खटका दाबलेला तसाच अडकला होता, आणि गाडी सरळ मुलं उभी होती त्या दिशेने सुटली. मी ओरडेपर्यंत टिल्डाने, मी शिकवला होता तसा, धोक्याची खूण म्हणून डावा हात सरळ वर केला होता. सगळी पोरं बांधामागे खाली बसली. गाडीचं नाक बांधात घुसलं, गाडीखालचा रबरी पट्टा मागे हवेत गरगरत राहिला. गुडघा दुखत असतानाही मी तिथवर पळत गेले आणि इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलं.

एकाही मुलाला खरचटलंसुद्धा नाही. गार्थचं मनगट मोडलं. तो बर्फात बसून म्हणाला, "पाहिलंत? गाडीच खराब निघाली."

"बाबा, मी सांगितलं होतं," टिल्डा म्हणाली.

"तू गप्प बस."

पुढच्या शनिवारी टिल्डा आली नाही. फोन केला, तर तिची आई सिग्ने म्हणाली, "गार्थ म्हणतो मुलीला यात घालायचंच नाही. धोक्याचं आहे." मी फोन ठेवला आणि थेट त्यांच्या घरी गेले. प्लास्टर घातलेल्या हाताने गार्थने दार उघडलं.

"धोका कोणी ओढवला, गार्थ? तिने की तू?"

"हा आमच्या घरातला प्रश्न आहे, मिस व्हर्ना."

"माझ्या बाकीच्या पोरांच्या अंगावर गाडी गेली असती. तो पण तुझ्या घरातला प्रश्न?"

"मग काय, आता बसमधून उतरवणार मला?"

"जमलं असतं तर उतरवलंच असतं."

त्याने दार लावून घेतलं. दार लागता लागता आत जिन्यावर टिल्डा पायमोजे घालून बसली होती, तेवढी दिसली. वर्गातली सगळ्यात नीट चालवणारी पोर घरी बसली, आणि मला काही करता येत नव्हतं.

क्लबच्या बैठकीत मी म्हटलं, वर्ग चालू असताना आईबापांनी शेडमध्येच बसायचं. अध्यक्ष म्हणाले, "लोक नाराज होतील, व्हर्ना." मी म्हटलं, मग दुसरी शिक्षिका बघा. बराच वेळ घासाघीस झाली आणि शेवटी काय, तर कुंपण थोडं मागे सरकवायचं ठरलं. मी तेवढ्यावर गप्प बसले, याचाच मला जास्त राग आला.

फेब्रुवारी संपता संपता सिग्ने स्वतःच टिल्डाला घेऊन आली. घरची गाडी गार्थने विकून टाकली होती, म्हणून टिल्डाला क्लबची दिली. तिने सगळं पहिल्यापासून तपासलं, मग सावकाश फेरी मारली आणि सांगितलं तिथे बरोबर थांबली.

"फार हळू गेले का?" तिने विचारलं.

"नाही गं. हवी तेवढीच."

तरी ती वळून वळून मोटारी लावायच्या जागेकडे बघत होती. गार्थ आला नव्हता. सिग्नेने मला बाजूला घेतलं. "मी एवढी वर्षं बर्फगाडीवर त्याच्या मागेच बसत आलेय," ती म्हणाली. "मोठ्यांना शिकवता का तुम्ही?"

आजवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं. "हेल्मेट आहे का तुझ्याकडे?" मी विचारलं. ती ते आणायला मोटारीकडे गेली.