पालखीचा निकाल

येसाजी आणि हैबती यांची घरं एकाच आळीत समोरासमोर होती आणि दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तीसेक वर्षांपूर्वी येसाजीचा बाप कोंडाजी आणि हैबतीचा बाप कुशाबा यांच्यात शिमग्याच्या पालखीवरून जुंपली होती. वाघजाईची पालखी आळीत आली की आधी कोणाच्या दारात टेकायची, एवढाच काय तो प्रश्न. डाव्या हाताला एक दार, उजव्या हाताला एक दार, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. देवीला त्याचं काय होतं? पण माणसांना होतं, म्हणून दोघं महाडच्या कोर्टात गेले. निकाल लागला, दोघं परत आले आणि दोघांनीही आपण जिंकल्याचा गूळ वाटला. कागद मात्र एकानंही आणला नाही. जिंकलेल्याला कागद कशाला लागतो, असं दोघंही छाती पुढे काढून म्हणाले. मग दोघांनी देवळाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली, की समोरच्या घराची आपली ओळख नाही, आणि आपल्या पोराबाळांचीही नाही.

बाप गेले, शपथ राहिली. दर शिमग्याला पालखी आळीच्या तोंडापर्यंत यायची, तिथं ढोल दणाणायचे आणि भोई पाठ फिरवून खालच्या वाडीकडे निघून जायचे. येसाजीची म्हातारी आई ठकूबाई ओटीचं सूप मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं त्यात असायचं. ढोल लांब गेले की ती सूप उचलून आत जायची आणि त्याच तांदळाचा भात व्हायचा. येसाजी तो भात ताटात तसाच ठेवून उठायचा.

यंदा ठकूबाईनं त्याला जवळ बोलावून सांगितलं, "पुढल्या शिमग्याला मी नसंन. सून म्हणून आले तेव्हा ओटी भरत व्हते, त्यानंतर भांडणंच बघितली. यंदा देवी आळीत आली पायजे."

त्यातच मुंबईकर मंडळी सुट्टीवर आली. त्यांचा सेक्रेटरी सहदेव गिरणीच्या ऑफिसात शिपाई होता आणि आपल्याला इंग्लिश येतं, असं दहा वर्षं सांगत होता. त्यानं गावकीत जाहीर केलं, की यंदा फायनल डिसिजन पाहिजे. कोर्टाचा कागद होळीच्या आत आला तर ठीक, नाहीतर या आळीचा रूट कायमचा बंद. पालखीनं दरसाल आळीच्या तोंडाशी येऊन अपमान का करून घ्यायचा, हे त्याचं म्हणणं कुणालाच खोडता आलं नाही.

झालं. होळीला दोन दिवस उरले असताना येसाजी भल्या पहाटे निघाला, आणि आळीच्या तोंडाशी पोचतो तो मागून हैबतीच्या वहाणा वाजल्या. पोलादपूरपर्यंत दोघं एकाच पायवाटेनं चालले, पण मधे असं अंतर ठेवून, की बघणाऱ्याला वाटावं एकाला जायचंय महाबळेश्वरला आणि दुसऱ्याला समुद्राकडे. एसटीत येसाजी पुढे बसला, हैबती मागे. महाडला उतरून दोघंही एकाच कोर्टाच्या एकाच खिडकीसमोर एकामागोमाग एक उभे राहिले.

खिडकीत गुप्ते भाऊसाहेब म्हणून कारकून होते. माणूस सरळ. जुन्या निकालाची नक्कल वारसाला मागता येते, ते म्हणाले, आणि तातडीची फी भरलीत तर संध्याकाळपर्यंत मिळेलही. मात्र तुम्ही कोंडाजीचे वारस म्हणून मागताय, तर तुम्हीच येसाजी कोंडाजी, हे सांगणारं एक ओळखीचं माणूस लागेल. त्यानं माझ्यासमोर तसं सांगायचं आणि अर्जावर अंगठा द्यायचा.

येसाजी बाजारात गेला. तिथं एक हिरड्याचा व्यापारी होता. बारा वर्षं येसाजी त्याला हिरडा घालत होता. व्यापाऱ्यानं त्याला पाणी दिलं, गादीवर बसवलं, आणि सगळं ऐकून म्हणाला, की तुमचा हिरडा मी डोळे मिटून ओळखेन, पण तुमचं नाव मी कधी विचारलेलंच नाही. खोटी शपथ कशी घेऊ? येसाजी चवदार तळ्याला वळसा घालून एसटीच्या स्टँडपर्यंत प्रत्येक तोंडाकडे बघत हिंडला, पण अख्ख्या महाडात त्याला ओळखणारं एकच माणूस होतं, आणि ते त्याला ओळखत नव्हतं.

तो परत आला तेव्हा हैबतीही हात हलवत परतला होता. दोघं व्हरांड्यातल्या बाकाच्या दोन टोकांना बसले आणि त्यांनी भाकरीची फडकी सोडली. दोन्ही फडक्यांत तीच जवळ्याची चटणी होती, त्याच वाटणाची. घरच्या बायका, येसाजीची रंगूबाई आणि हैबतीची बनुबाई, परसातून एकमेकींना काय काय देत असतात हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. दोघांनी भाकरी दुसरीकडे तोंड करून संपवली.

गुप्त्यांना हे खिडकीतून दिसत होतंच. त्यांनी दोघांना आत बोलावलं.

"तुम्ही दोघं एका वाडीचे ना?"

दोघं हो म्हणाले.

"मग तुम्ही यांना ओळखता ना?"

"नाय," हैबती म्हणाला.

"तुमच्या घरासमोर कोणाचं घर आहे, येसाजी?"

"घर हाय. कोणाचं त्ये ठाव नाय."

गुप्त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या नोकरीत त्यांनी पैशासाठी वाटेल त्याला ओळखणारे लोक पुष्कळ पाहिले होते, पण रोज समोर दिसणाऱ्याला ओळखायला तयार नसलेला माणूस पहिलाच. त्यांनी शांतपणे समजावलं, की ओळख मिळाली नाही तर अर्ज राहील, आणि उद्यापासून होळीची सुट्टी आहे. येसाजीच्या डोळ्यांपुढे मांडीवरचं सूप आलं. तरीही ओळखतो म्हणायचं त्याला धाडस होईना. बापाच्या शपथेला आपण भितो याचा त्याला संताप आला, आणि संताप येऊनही तो भीतच राहिला.

शेवटी हैबतीनं घसा साफ केला. तो येसाजीकडे न बघता खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघून बोलू लागला.

"ह्या माणसाला मी वळखत नाय. पन आमच्या समोरच्या घरात एक माणूस ऱ्हातो. पहाटे कडी काढायच्या आदी दोनदा खोकतो. त्यो खोकला आयकूनच मी उठतो. डाव्या पायाला करंगळी नाय, फांद्या तोडताना कोयता लागला व्हता. आय ठकूबाई. थोरला पोरगा तापानं गेला. त्या साली शिमग्याला आमच्या घरातनं ढोल निघाला नाय. मीच काढून दिला नाय."

येसाजीला ते साल चांगलं आठवत होतं. हैबतीच्या ढोलाचं कातडं फाटलं असेल असं तेव्हा त्याला वाटलं होतं, आणि पोराच्या दुःखातही त्याला त्याचं जरा बरंच वाटलं होतं. आता त्याला एकदम भडभडून आलं. ते लपवायला तो खाली वाकला, डाव्या पायातली वहाण काढली आणि चार बोटांचा पाय गुप्त्यांच्या टेबलापर्यंत वर उचलून धरला.

गुप्त्यांनी बोटं मोजली. "नाव तरी घ्या," ते हैबतीला म्हणाले. नाव घेणार नाही, असं हैबतीनं चिंचेला सांगितलं. मग तोड निघाली ती अशी, की गुप्त्यांनी विचारायचं, "हे येसाजी कोंडाजी काय?" आणि हैबतीनं चिंचेकडे बघून मान हलवायची. मान हलली. पुढे येसाजीनंही त्याच चिंचेला सांगितलं, की समोरच्या घरातला एक माणूस चढणीला उजव्या गुडघ्यावर हात ठेवतो आणि पाऊस पडायच्या आदल्या दिवशी विनाकारण बायकोवर ओरडतो. हैबतीनं चमकून बघितलं. दोघांचे अंगठे एकमेकांच्या अर्जावर उमटले.

दप्तर लगेच सापडलं. निकाल जेमतेम दीड पानाचा होता, आणि इंग्रजीत. गुप्त्यांनी वाचून अर्थ सांगितला: नुसत्या मानपानाचा दावा दिवाणी कोर्टात चालत नाही, देवीची पालखी आधी कुठे टेकावी हे ठरवणं कोर्टाचं काम नाही, दावा फेटाळला, खर्च ज्याचा त्यानं सोसावा.

"म्हंजे जिकलं कोन?" हैबतीनं विचारलं.

"कोणीच नाही. कोर्टानं भांडणात पडायलाच नकार दिला."

येसाजीला दिसत होतं ते एवढंच, की दोघांचे बाप हा निकाल ऐकून याच पायऱ्या उतरले असतील, याच वाटेनं घरी गेले असतील आणि वाटेत कुठेतरी दोघांनीही वेगवेगळा गूळ घेतला असेल. त्याला बापाचा राग आला आणि कीवही आली.

संध्याकाळी दोन नकला घेऊन दोघं निघाले, आले तसेच वेगवेगळे. फक्त पोलादपूरपासूनच्या चढणीला येसाजी अधूनमधून थांबत होता. वहाणेत खडा गेला असं तो स्वतःशी मोठ्यानं म्हणत होता, आणि मागच्या पायांचा आवाज जवळ आला की खडा निघत होता. चढण संपेपर्यंत त्यानं मनाशी ठरवून टाकलं. हैबती जिंकला असं सांगायचं. पालखी आधी त्याच्या दारात टेकेल, मग आपल्या. आई चिडेल, पण तिच्या ओटीचा भात तरी होणार नाही.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर गावकी जमली. येसाजीनं नक्कल पुढे केली आणि समोरचं घर जिंकलं असं सांगितलं. सहदेवानं कागद उजेडात धरला, ओठ हलवत खालपर्यंत बघितला आणि बरोबर आहे, असंच लिहिलंय, असं सांगितलं. मग हैबती उठला. त्यानं आपली नक्कल दिली आणि आपल्या समोरचं घर जिंकलं म्हणून सांगितलं. सहदेवानं तोही कागद तितकाच वेळ बघितला. इतकी माणसं बघत असताना माघार घेणं शक्य नव्हतं, तेव्हा हेही बरोबर आहे, असं तो म्हणाला. कोर्टाच्या इंग्लिशमध्ये असं असतं.

गावानं ते मानलं. शिमग्याला पालखी आळीत आली. आणि दोन दारांच्या मधोमध अडली. आधी त्या दारात, असं येसाजी हात जोडून म्हणे, आणि येसाजीच्या दाराकडे बोट दाखवून, आधी त्या दारात, असं समोरून हैबती म्हणे. दोघंही हटेनात. भोयांचे खांदे भरून आले, ढोल थांबले. देवळात परत जायचं का, असं भोई कुजबुजू लागले.

ठकूबाई काठी टेकत ओटा उतरली. पाठीमागून रंगूबाई सूप घेऊन आली.

"बापांनी जिकायच्या पायी देवी अडवली," म्हातारी म्हणाली. "आता तुमी हरायच्या पायी अडवा. मला येळ नाय."

तिनं भर वाटेत, धुळीत, पालखीची ओटी भरली. समोरच्या दारातून बनुबाई धावत आली. रंगूबाईनं नवऱ्याकडे बघितलंही नाही आणि सुपातला दुसरा नारळ तिच्या हातात दिला. दोन नारळ मुळात सुपात होते, हे येसाजीच्या तेव्हा लक्षात आलं. पालखी तिथंच टेकली, वाटेच्या मधोमध, आणि भोयांनी हुश्श केलं.

शपथ मात्र मोडली नाही. दोघं अजूनही एकमेकांना ओळखत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे येसाजी कडीपाशी गेला आणि थबकला. मग दारापाशी तोंड नेऊन, नीट ऐकू जाईल असा, तो दोनदा खोकला. थोड्या वेळानं समोरची कडी वाजली. तेव्हा त्यानं आपली काढली.